रुमाल, स्कॅन आणि साक्ष

दफ्तर सांभाळणारे लोक संगणकाला नाके मुरडतात, ही तक्रार आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की तिची छाननी कोणी करत नाही. मला ती अर्धीच खरी वाटते.

आमच्या श्रीपूरचेच पाहा. माळशिरस तालुक्याच्या या ऊसपट्ट्यात पीककर्जाला सातबारा लागतोच. १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला आणि दर उताऱ्यासाठी तलाठ्याचा सही-शिक्का मिळवण्याची धावपळ कमी झाली. हा बदल रुजला, कारण त्यामागे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० उभा होता. त्या उताऱ्याच्या खरेपणाची हमी कोणाची, हे आधीच ठरले होते.

जुन्या कागदांबाबत ते ठरलेले नाही. न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती सप्टेंबर २०२३ मध्ये नेमली गेली आणि कुणबी नोंदींसाठी कोतवाल बुके, शाळांची प्रवेश रजिस्टरे, हक्कनोंदी उघडल्या गेल्या. मोडी वाचणारे शोधावे लागले. सापडलेली पाने स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. एकेका ओळीवर एकेका घराचा जातीचा दाखला अवलंबून आहे. पण स्कॅन म्हणजे पानाचे छायाचित्र. त्यातले मोडी नाव टंकून शोधता येत नाही. कोणीतरी ते वाचून गाव, साल आणि रजिस्टर क्रमांकासह सूचीत उतरवावे लागते. आपले अहवाल मात्र किती पाने स्कॅन झाली, एवढेच मोजतात.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद रुमालांत बांधलेले असतात. कोणता कागद कोणत्या रुमालात, कशाशेजारी आहे, यावरून त्याचा अर्थ लागतो. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्या दफ्तरातून निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, ते वाचणाऱ्यांच्या बळावर. रुमालाचा क्रमांक न टिपता काढलेला स्कॅन ही जोडणीच तोडतो.

मूळ कागद हरवला तर अभिलेखपालाला जाब द्यावा लागतो. स्कॅन चुकला तर कोणाला, हे त्याला कोणी सांगितलेले नाही. त्याची कुरकुर इथून येते. प्रत्येक स्कॅनवर रुमाल क्रमांक, पान क्रमांक आणि वाचणाऱ्याचे नाव असावे, मूळ कागद जागेवर राहावा. एवढे झाले, तर मला वाटते, संगणक स्वीकारा म्हणून त्याला परिपत्रक पाठवावे लागणार नाही.