'लिबर्टी' चित्रपटगृह : वास्तू आणि प्रतिष्ठा

मुंबईच्या मरीन लाइन्स भागातील 'लिबर्टी' चित्रपटगृहाविषयी लिहिताना बहुधा त्याच्या सजावटीचेच वर्णन केले जाते. सागवान व देवदार लाकडाचे काम, पडद्याच्या दोन्ही बाजूंस कारंज्यांसारखे गिलाव्यात घडविलेले आकार आणि त्यांवर पडणारा प्रकाश ही सारी मोहक आहेत, यात शंका नाही. परंतु सजावट हेच ह्या वास्तूचे मर्म मानले, तर तिचा इतिहास निसटून जातो.

'रीगल' (१९३३), 'इरॉस' आणि 'मेट्रो' (दोन्ही १९३८) ही दक्षिण मुंबईतील भव्य चित्रपटगृहे प्रामुख्याने इंग्रजी चित्रपटांची होती. हिंदी चित्रपटाचा प्रेक्षक गिरगाव, लॅमिंग्टन रोड ह्या बाजूस वळे. हबीब हुसेन ह्यांनी हा भेद मोडला. २१ मार्च १९४९ रोजी मेहबूब खान ह्यांच्या 'अंदाज'ने 'लिबर्टी'चा आरंभ झाला. सुमारे १२०० आसनांचे हे गृह हिंदी चित्रपटासाठीच योजिले होते. रिडली ॲबट ह्यांनी आरंभिलेले काम त्यांच्या अपघाती मृत्यूनंतर जे. बी. फर्नांडिस ह्यांनी पुढे नेले; अंतर्गत सजावटीत वामन नामजोशी ह्यांचा वाटा होता. शैली पाश्चात्त्य खरी, पण मान दिला तो देशी चित्रपटाला.

तथापि ह्या मानाची मर्यादाही ध्यानात घेतली पाहिजे. स्वातंत्र्याचे स्मरण इंग्रजी नावाने झाले आणि आत तिकिटाच्या दराप्रमाणे प्रेक्षकांची प्रतवारी कायम राहिली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवटीतून मुक्त झालेल्या मराठवाड्यात, जळकोटच्या परिसरासारख्या ग्रामीण भागात, चित्रपट पोचे तो मुख्यतः फिरत्या तंबूतून. प्रेक्षक जमिनीवर बसे. तात्पर्य, 'लिबर्टी'ने चित्रपटाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न सोडविला, प्रेक्षकाच्या प्रतिष्ठेचा नव्हे.

असे असूनही एक गोष्ट तिच्या पदरी निश्चित घालावी लागते. हजाराहून अधिक अनोळखी माणसे एकाच छपराखाली एकाच क्षणी हसतात वा हेलावतात, हा अनुभव तिने दीर्घकाळ जपला. १९९४ मध्ये येथे लागलेला 'हम आपके हैं कौन..!' शंभराहून अधिक आठवडे चालला. उलट 'मेट्रो' २००६ मध्ये बहुपडदा झाले. दर्शनी भाग टिकला, पण ते एक विशाल प्रेक्षागार उरले नाही. जतन म्हणजे केवळ दर्शनी भिंतीचे रक्षण, असे मानणाऱ्यांनी ह्या दोन उदाहरणांची तुलना अवश्य करावी. चित्रपटगृहात जतन करावयाचे ते सर्वप्रथम प्रेक्षागार होय.