गर्भाशयाच्या अंतःस्तराची ग्रहणक्षमता आणि जनुकांची सूची : एक चिकित्सा

प्रस्तावना

गर्भाशयाच्या अंतःस्तराचे मासिक चक्र इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांच्या नियंत्रणाखाली चालते. ही संप्रेरके पेशीतील ग्राही प्रथिनांशी जोडली जातात. हे ग्राही डीएनएवरील विशिष्ट स्थानी बसून अनेक जनुकांची क्रियाशीलता वाढवतात वा घटवतात. भ्रूण रुजण्यास अंतःस्तर अनुकूल असतो तो काळ मोजक्या दिवसांचा असतो आणि त्या काळात जनुकांच्या क्रियाशीलतेत ठळक बदल होतात, हे निर्विवाद आहे. या बदलांच्या आधारे निदान-चाचणी उभारताना कोणता तर्कदोष शिरला, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन प्रयत्न, एक गृहीतक

१९५० साली नॉयेस, हर्टिग व रॉक यांनी सूक्ष्मदर्शकाखालील रचनेवरून अंतःस्तराची ‘तारीख’ ठरविण्याचे निकष मांडले. हे निकष अर्धशतक वंध्यत्वाच्या निदानात प्रमाण मानले गेले. अखेर २००४ साली अमेरिकेतील बहुकेंद्री अभ्यासात असे आढळले की, या पद्धतीने जननक्षम व वंध्यत्वग्रस्त स्त्रियांमध्ये भेद करता येत नाही.

२०११ साली स्पेनमधील संशोधकांनी २३८ जनुकांवर आधारित ‘ईआरए’ ही चाचणी मांडली. सूक्ष्मदर्शकाची जागा जनुकांच्या सूचीने घेतली; गृहीतक मात्र तेच राहिले. ते असे, की अंतःस्तराचे वय अचूक मोजले म्हणजे भ्रूण-रोपणाची योग्य वेळ सापडते आणि यश वाढते. २०२२ साली अमेरिकेतील ७६७ स्त्रियांवरील यादृच्छिक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चाचणीनुसार वेळ बदललेल्या गटात जिवंत जन्माचे प्रमाण ५८.५ टक्के, तर नेहमीच्या वेळी रोपण केलेल्या गटात ६१.९ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता; परंतु लाभाचा पुरावाही मिळाला नाही. या अभ्यासात गुणसूत्रदृष्ट्या सामान्य ठरलेली भ्रूणेच वापरली होती. त्यामुळे वारंवार अपयश आलेल्या स्त्रियांना त्याचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत, हेही नोंदवणे न्याय्य ठरेल.

तर्कदोष कोठे आहे?

पहिला दोष कालदर्शकाला कारण मानण्याचा आहे. घड्याळाचे काटे दिवस उजाडल्याचे सांगतात, दिवस उजाडवत नाहीत. त्याचप्रमाणे चक्रानुसार बदलणारे प्रत्येक जनुक भ्रूण रुजविण्यास कारणीभूत असेलच असे नाही.

दुसरा दोष ऊतीला एकसंध मानण्याचा आहे. बायोप्सीच्या तुकड्यात अभिस्तर, स्ट्रोमा, रक्तवाहिन्या व प्रतिकारक पेशी एकत्र असतात. त्यामुळे पेशींचे परस्पर प्रमाण बदलले तरी जनुकांची क्रियाशीलता बदलल्याचा भास होऊ शकतो.

तिसरा दोष संप्रेरकाला ‘स्विच’ समजण्याचा आहे. २०११ साली उंदरांवरील संशोधनातून दिसले की प्रोजेस्टेरॉन स्ट्रोमातील ‘हँड२’ या जनुकामार्फत वाढ-घटकांना आवर घालते आणि त्यामुळे शेजारच्या अभिस्तराची इस्ट्रोजेनजन्य वाढ थांबते. म्हणजे अभिस्तराला आदेश मिळतो तो शेजाऱ्याकरवी. टॅमॉक्सिफेनचे उदाहरणही बोलके आहे. हे औषध स्तनाच्या ऊतीत इस्ट्रोजेनला विरोध करते, तर गर्भाशयाच्या अंतःस्तरात अंशतः इस्ट्रोजेनसारखे वागते. ग्राही तोच, औषध तेच. पण ऊतीगणिक सहायक प्रथिने वेगळी असल्याने परिणाम वेगळा होतो.

समारोप

जनुकांच्या अभ्यासाचे मूल्य या चिकित्सेने कमी होत नाही. प्रश्न आहे तो प्रयोगशाळेतील वर्णन उपचाराच्या दालनात आणताना पाळावयाच्या संयमाचा. अशा चाचणीसाठी स्त्रीला एक जादा चक्र थांबावे लागते, बायोप्सीची वेदना सोसावी लागते आणि खर्चही करावा लागतो. म्हणून चाचणी किती जनुके मोजते यापेक्षा तिच्यामुळे किती अधिक मुले जन्मास आली, हा निकष महत्त्वाचा ठरतो. २००४ चा धडा २०११ मध्ये विसरला गेला. जीवशास्त्राच्या अध्यापनात संप्रेरकांच्या कार्याबरोबर हा इतिहासही शिकविला गेला, तर तो पुन्हा विसरला जाण्याची शक्यता कमी होईल.