आघातभान आणि कार्यालयीन नेतृत्व

अमेरिकेतील ‘साम्सा’ या मानसिक आरोग्यविषयक शासकीय संस्थेने २०१४ साली आघातभानाची सहा तत्त्वे मांडली. सुरक्षिततेपासून सांस्कृतिक व ऐतिहासिक जाणिवेपर्यंत त्यांचा पल्ला आहे. ‘तुझ्यात काय बिघडले?’ असे न विचारता ‘तुझ्यावर काय गुजरले?’ असे विचारावे, हा या विचाराचा गाभा होय. कार्यालयीन नेतृत्वालाही तो आता लावला जातो. हा विचार स्वागतार्ह आहे. तथापि वरिष्ठाची सहृदयता एवढाच त्याचा अर्थ केल्यास तो अपुरा ठरतो, असे आमचे मत आहे.

बाबासाहेबांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनातील बडोद्याचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचावे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकलेले बाबासाहेब १९१७ साली संस्थानच्या सेवेत रुजू झाले. कार्यालयात शिपाई त्यांच्याकडे फायली दुरून फेकीत, असे चरित्रकार सांगतात. पारशी नाव धारण करून ते पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी डझनभर लाठीधारी पारशांनी त्यांना तेथून निघून जाण्यास फर्माविले. सरकारी बंगल्यासाठी त्यांनी केलेला अर्ज दिवाणांनी निकडीचा मानला होता. परंतु तो एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरतच राहिला. अठरा वर्षांनंतरही तो प्रसंग अश्रूंवाचून आठवत नाही, असे बाबासाहेबांनी लिहिले आहे. राजा उदार, दिवाण अनुकूल. तरीही आघात टळला नाही. वरची सदिच्छा खाली पोहोचेपर्यंत विरून गेली.

विनयपिटकातील महावग्गात याचे उत्तर सापडते. अतिसाराने पीडित होऊन मलमूत्रात पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वहस्ते स्वच्छ केले. तेवढ्यावर न थांबता त्यांनी संघ एकत्र केला आणि रुग्णाची शुश्रूषा कोणी करावी, याचा क्रम लावून दिला. उपाध्याय वा आचार्य असल्यास त्यांनी करावी. कोणीच नसल्यास संघाने करावी. न केल्यास तो दोष मानावा. करुणेचे येथे नियमात रूपांतर झाले.

आघातभानाची खरी कसोटी हीच होय. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ साली झालेल्या कायद्याने तक्रार समिती आणि चौकशीसाठी ९० दिवसांची मुदत ठरवून दिली. जातीय अवमानाच्या तक्रारीलाही प्रत्येक कार्यालयात अशीच मुदत आणि असाच उत्तरदायी अधिकारी असावयास हवा. ‘तुझ्यावर काय गुजरले?’ या प्रश्नामागोमाग ‘ते येथे अजूनही का घडते?’ हा प्रश्न जो वरिष्ठ स्वतःला विचारील, त्याच्याच नेतृत्वाला आम्ही आघातभानी म्हणू.