‘बेगम’ हा शब्द कुठे गेला? : चांदीच्या भांड्यांवरील फारसी अक्षरांच्या वाचनाविषयी

अरबी-फारसी कोरीव लेखांच्या वाचनाची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. ‘एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका’ हे नियतकालिक १९०७-०८ पासून निघू लागले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी लेखांची शाखा नागपुरात आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी फारसी साधनांचे संपादन केले, आणि माधवराव पटवर्धनांचा ‘फार्शी-मराठी कोश’ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. या कार्याबद्दल पूर्ण आदर बाळगूनही एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. शिळा, नाणी आणि कागद यांच्या वाचनाला जी शिस्त लाभली, ती घरातील भांड्यांना लाभली नाही. भांड्यावरील अक्षरे एक तर नक्षी म्हणून सोडून दिली जातात, नाही तर घाईने एखाद्या बादशहाच्या नावावर जमा होतात.

या घाईचा धोका भोपाळमध्ये विशेष आहे. या संस्थानाचा कारभार १८१९ ते १९२६ या काळात बहुतांशी चार बेगमांच्या हाती होता : कुदसिया, सिकंदर, शहाजहान आणि सुलतान जहान. समजा, जुन्या शहरातून बाग सेवनियात राहावयास आलेल्या एखाद्या कुटुंबात चांदीचे पानदान आहे आणि त्यावर ‘शहाजहान’ एवढेच वाचता येते. घरचे लोक आणि सराफही लगेच आग्र्याचा ताजमहाल आठवतात. भोपाळमध्येही एक ताजमहाल आहे आणि तो शहाजहान बेगमांनी बांधला, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही.

वाचनात चूक कशी होते, ते पाहू. भांड्यावर कोरणारा कारागीर पुष्कळदा नुक्ते गाळतो. नुक्ते गेले की शब्दातील बे, ते, नून आणि ये ही अक्षरे केवळ एकसारखे दात उरतात. गाफवरची दुसरी रेघ नसली की ते काफ होते. म्हणजे ‘बेगम’ हा शब्द चार-पाच उंचवट्यांची एक वळणदार रेघ होऊन बसतो. नस्तालीक लिपीत शब्द एकावर एक चढत जातात. त्यामुळे शेवटचा शब्द मजकुराच्या माथ्यावर, काठाजवळ जाऊ शकतो. तेथे तो घासला जातो किंवा वेलबुट्टीत हरवतो. शब्द एकच गळतो. पण एका स्त्रीची वस्तू पुरुषाची होते.

म्हणून नावापूर्वी सन वाचावा. बादशहा शहाजहानची कारकीर्द हिजरी १०३७ ते १०६८, म्हणजे इ. स. १६२८ ते १६५८. शहाजहान बेगमांची हिजरी १२८५ ते १३१९, म्हणजे इ. स. १८६८ ते १९०१. भांड्यावर १२९५ असेल तर ते इ. स. १८७८ होय. हाच आकडा इसवी सन समजला तर भांडे अल्लाउद्दीन खिलजीच्या देवगिरीवरील स्वारीच्या आदल्या वर्षाचे ठरते! शिवाय बादशहाच्या वस्तूंवरील मजकुराची धाटणी वेगळी असते. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातील त्याच्या पांढऱ्या जेड दगडाच्या पेल्यावर ‘दुसरा साहिब-ए-किरान’ ही पदवी, हिजरी १०६७ आणि राज्यारोहणाचे वर्ष कोरलेले आहे.

दुसरी कसोटी वजनाची. पुष्कळ भांड्यांवर तोळे-मासे कोरलेले असतात. बारा माशांचा एक तोळा. १८३३ मध्ये कंपनी सरकारने ठरविलेला तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा. समजा, ८५ तोळे असे कोरले आहे. म्हणजे सुमारे ९९१ ग्रॅम. काट्यावर पानदान ८७० ग्रॅम भरले, तर झाकण किंवा आतल्या कुल्हिया हरवल्या असाव्यात, अथवा आकडा तरी चुकीचा वाचला गेला असावा.

तिसरी कसोटी वस्तूच्या उपयोगाची. सोन्या-चांदीच्या भांड्यांत खाणेपिणे फिकहनुसार निषिद्ध आहे. दरबारांनी हा निर्बंध नेहमीच पाळला असे नाही. तरीही ‘नवाबांचे जेवणाचे ताट’ म्हणून दाखविली जाणारी वस्तू प्रत्यक्षात विड्यांचे तबक तर नाही ना, हे विचारले पाहिजे. पानदान, अत्तरदाणी, गुलाबदाणी या वस्तू पाहुणचाराच्या आणि जहेजच्याही.

येथेच या प्रश्नाचे गांभीर्य आहे. लग्नात मुलीला मिळालेल्या वस्तूवर तिचे नाव असणे ही तिच्या मालकीची नोंद आहे. आपल्या मराठी घरांत पितळेच्या डब्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घालून घेतात, त्याचाच हा चांदीतला भाऊबंद. बाग सेवनियातील त्या पानदानावरची शहाजहान बेगम म्हणजे भोपाळच्या नवाब बेगमच, असा दावा केवळ नावावरून करता येणार नाही. त्याच नावाची दुसरी कोणी असू शकेल. पण ती स्त्री होती, एवढे नक्की. बादशहाचे नाव लावून आपण वस्तूची प्रतिष्ठा वाढवीत नाही, तर खऱ्या मालकिणीला घराबाहेर काढतो.

दोष केवळ सराफाचा किंवा संशोधकाचा नाही. अरबी वळणाचे प्रत्येक अक्षर पवित्र मानून आपण ते कपाटात जपून ठेवले, वाचले मात्र नाही. आणि वाटणीची वेळ आली की पॉलिश करून, वजन करून, भांडे मोडीत घातले. पॉलिशचा प्रत्येक हात अक्षरांची कड झिजवतो आणि मुशीत तर नाव, सन, वजन सारेच जाते.

तेव्हा वाचकांना एवढीच विनंती की, भांडे उजळण्यापूर्वी बाजूने तिरपा प्रकाश टाकून त्याचे छायाचित्र घ्यावे, सपाट भागावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने ठसा उतरवावा, वजन लिहून ठेवावे आणि ते कोणाच्या माहेरून आले हे घरातील वृद्ध स्त्रियांना विचारावे. फारसी जाणणारा पुढे भेटेल. विचारण्याजोगी आजी मात्र नेहमीच असेल असे नाही.