टॅल फार्लो यांचे पुनरागमन : एक शंका

अमेरिकन गिटारवादक टॅल फार्लो यांची १९६९ साली ध्वनिमुद्रित झालेली एक तबकडी आहे. तिचे नाव 'द रिटर्न ऑफ टॅल फार्लो'. त्यांच्याविषयीचे बहुतेक लेखन या नावाच्याच अंगाने जाते. थोर वादक ऐन बहरात रंगमंच सोडतो, समुद्रकाठच्या लहानशा गावी पाट्या रंगवीत राहतो आणि दहाएक वर्षांनी परततो. या कथेला उधळ्या पुत्राच्या दाखल्याचा गंध आहे, म्हणून ती आम्हां ख्रिस्ती वाचकांच्या मनात चटकन घर करते. मात्र त्यांच्या तबकड्या क्रमाने ऐकल्यावर या 'पुनरागमना'विषयी आमच्या मनात शंका उभी राहिली. तीच येथे मांडीत आहोत.

फार्लो यांचा जन्म ७ जून १९२१ रोजी नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे झाला. पाट्या रंगविणे हा त्यांचा पहिला धंदा. गिटारवर पोट भरणे नंतरचे. रात्री पाट्यांच्या दुकानात ब्रश चालवीत असता रेडिओवरचे संगीत कानी पडे, आणि बेनी गुडमन यांच्या ताफ्यातील चार्ली ख्रिश्चन यांच्या विजेच्या गिटारीने त्यांना झपाटले. गुरू कोणी नव्हता, स्वरलिपी वाचता येत नव्हती. कानाने टिपलेले हाताने शोधावयाचे, एवढीच साधना. पुढे न्यूयॉर्कमध्ये वादकसंघाचे कार्ड मिळेपर्यंतचा काळही त्यांनी ब्रशाच्याच आधारावर काढला. तेव्हा १९५८ साली विवाह करून ते न्यू जर्सीतील सी ब्राइट येथे स्थिरावले आणि पुन्हा पाट्या रंगवू लागले, ते आपल्या मूळ धंद्याकडे. परतणे म्हणावयाचे तर ते हेच नव्हे काय?

आता वादनाकडे वळू. फार्लो यांची घडण झाली ती व्हायब्राफोनवादक रेड नॉर्वो यांच्या त्रयीत. तिसरे होते बासवादक चार्ल्स मिंगस. या त्रयीत ड्रम नव्हते, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. नॉर्वो यांना द्रुत लय प्रिय. ती गाठताना आरंभी फार्लो यांची दमछाक होई. ड्रमची उणीव भरून काढण्यासाठी ते गिटारीच्या तारांवर बोटे आपटून बोंगोसारखा ठेका धरीत. त्यांचे पंजे इतके मोठे, की लोक त्यांना 'ऑक्टोपस' म्हणत. डावा अंगठा गिटारीच्या मानेवरून वळवून ते खालच्या स्वरांच्या तारा दाबीत आणि उरलेल्या बोटांनी वर स्वरसंगती मांडीत. तारेला बोट जेमतेम टेकवून काढलेले त्यांचे घंटेसारखे स्वर ज्याने एकदा ऐकले तो विसरणार नाही. १९५६ साली पियानोवादक एडी कोस्टा आणि बासवादक विनी बर्क यांच्यासह केलेली 'द स्विंगिंग गिटार ऑफ टॅल फार्लो' ही तबकडी आम्ही त्यांची सर्वोत्तम मानतो. तीतही ड्रम नाहीत. चार्ली पार्कर यांच्या 'यार्डबर्ड सूट'मध्ये कोस्टा पियानोच्या खालच्या पट्टीत गडगडतात आणि गिटार त्यावरून धावते. लयीचा सारा भार तिघांच्या बोटांवर आहे, म्हणूनच तेथे तालवाद्याची आठवण होत नाही.

१९६९ च्या तबकडीत अॅलन डॉसन ड्रमवर आहेत. डॉसन थोर वादक. दोष त्यांचा नाही. परंतु फार्लो यांच्या अंगठ्याने आणि मनगटाने जे करावयाचे ते काम येथे दुसऱ्याकडे गेले आहे, आणि गिटार नुसती धावत राहते. काही जागी ती अडखळतेही. दशकभर मोठ्या मंचापासून दूर राहण्याची किंमत या तबकडीत ऐकू येते. ती नाकारण्यात अर्थ नाही. पुनरागमनाच्या आनंदात समीक्षक हे बोलावयास कचरतात, असे आम्हांस वाटते.

उलट १९७६ साली कॉनकॉर्डसाठी पियानोवादक हँक जोन्स आणि बासवादक रे ब्राउन यांच्यासह केलेली 'अ साइन ऑफ द टाइम्स' ऐकावी. पुन्हा गिटार, पियानो, बास. पुन्हा ड्रम नाहीत. साइन म्हणजे पाटी, आणि साइन म्हणजे चिन्हही. नावातला हा श्लेष ज्याने केला त्याला फार्लो कळले असावेत. येथे वेग १९५६ चा नाही, परंतु घाईही नाही. स्वरसंगती अधिक दाट झाली आहे आणि दोन वाक्यांमधील मोकळी जागा न भरता सोडण्याचे धैर्य आले आहे. आमच्या मते खरे पुनरागमन येथे आहे, आणि ते रंगमंचाकडे नसून आपल्या जुन्या मांडणीकडे आहे.

या कथेकडे आमचे लक्ष वेधले जाण्यास आणखी एक कारण आहे. पहाटेच्या लोकलने कामावर जाणारा आणि रविवारी मिस्साच्या वेळी व्हायोलिन हाती घेणारा मनुष्य आम्हां वसईकरांस परका नाही. त्याला आम्ही काय म्हणतो? देवाने दिलेला गुण वाया घालविलास, असे म्हणतो. आणि पुराव्यादाखल मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायातील, धन्याचे धन जमिनीत पुरून ठेवणारा चाकर त्याच्यापुढे उभा करतो. हा दाखला असा वापरणे आम्हांस अन्यायाचे वाटते. चाकराने धन पुरले ते भीतीपोटी. फार्लो यांनी काहीही पुरले नव्हते. ते आपल्या परिसरात वाजवीत होते, शिकवीत होते. मानवला नाही तो रात्रीच्या क्लबांचा धंदा. संत पौल करिंथ येथे तंबू तयार करून पोट भरीत. त्यामुळे त्यांचे प्रेषितपण उणावले असे कोणी म्हणत नाही.

मुंबईच्या जॅझवादकांनाही निराळी रोजी शोधावी लागलीच. ताजमहाल हॉटेलात वाजविणारे गोव्याचे चिक चॉकलेट सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदात गेले आणि 'अलबेला'च्या (१९५१) गाण्यांत त्यांच्या जॅझचा रंग उतरला. त्यांची वाट संगीतातूनच गेली, एवढाच फरक.

१९६२ साली गिब्सन कंपनीने टॅल फार्लो यांच्या नावाची गिटार बाजारात आणली, त्या वेळी ते सी ब्राइटला पाट्या रंगवीत होते. लोरेंझो डीस्टेफानो यांनी १९८१ साली त्यांच्यावर अनुबोधपट केला, त्यातही ते पाटी रंगविताना दिसतात, आणि पियानोवादक टॉमी फ्लॅनगन व बासवादक रेड मिचेल यांच्यासह वाजवितानाही दिसतात. या मैफलीतही ड्रम नाहीत. २५ जुलै १९९८ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. ज्यांनी त्यांना अद्याप ऐकलेले नाही त्यांनी १९६९ ची तबकडी तूर्त बाजूला ठेवावी. आधी १९५६ ची ऐकावी आणि लगेच १९७६ ची.