पाणभुंगेऱ्याचे नाव कुठपर्यंत सांगावे?

बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेतला मुलूख. इथले माळावरचे ओढे पावसाळ्यात वाहतात, पुढे डोह उरतात आणि उन्हाळ्यात तेही आटतात. अशा डोहात जाळी फिरवली, की बाजरीच्या दाण्याएवढे किंवा थोडे मोठे, काळे-तपकिरी भुंगेरे सापडतात. ‘सर, याचे नाव काय?’ हा प्रश्न मग ठरलेलाच. त्याचे उत्तर शोधताना आम्ही एक शोधनिबंध शिक्षकाच्या नजरेने वाचला.

सायली शेठ, हेमंत घाटे व यिरी हाएक यांचा हा निबंध २०१८ साली ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात आला. विषय आहे महाराष्ट्रातील ‘कोपेलॅटस’ ही शिकारी पाणभुंगेऱ्यांची प्रजाती. त्यात तीन नव्या जातींचे वर्णन आहे. लेखक रंग व आकार यांवर विसंबत नाहीत, हा निबंधाचा मोठा गुण. कठीण पंखांवरील रेघांच्या संख्येवरून जातींचा गट कळतो. जातीचा निवाडा मात्र नराच्या जननेंद्रियाच्या रचनेवर होतो. वझिरानी यांची १९७७ची सूची उपयुक्त आहे खरी, पण सूचीत नावे मिळतात, हातातला किडा ओळखता येत नाही. ते काम असे निबंधच करतात.

उणीव म्हणावी तर ही, की निबंध इंग्रजीत आहे आणि तो तज्ज्ञांसाठी लिहिलेला आहे. साधे भिंग घेऊन ओढ्यावर गेलेल्या शिक्षकासाठी त्याच्या अलीकडची पायरी कोणीतरी मराठीत लिहायला हवी. ती अवघड नाही. किडा मागचे पाय वल्ह्यांसारखे एकदम मारतो का? हवा घ्यायला शेपटीकडून वर येतो का? मिश्या दोऱ्यासारख्या आहेत का? तसे असेल तर तो बहुधा शिकारी पाणभुंगेरा. पाय आळीपाळीने हलत असतील आणि मिश्यांच्या टोकाला गाठ असेल, तर कुळ वेगळे. पंखांच्या मुळाशी, मधोमध लहानसा त्रिकोण दिसला, तर तो ‘लॅकोफिलस’ नव्हे. ‘कोपेलॅटस’ असू शकेल.

इथे थांबावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. चित्राशी ताडून जातीचे नाव ठोकून देण्याची सवय प्रकल्पवह्यांत फार दिसते. चुकीचे नाव एकदा वहीत शिरले, की पुढचा विद्यार्थी तेच उतरवतो. त्यापेक्षा ‘शिकारी पाणभुंगेरा, जात अनिश्चित’ असे लिहून गाव, ओढा व तारीख नोंदवावी. अशी नोंद उद्याच्या अभ्यासकाच्या कामी येईल.