वीरगळ आणि चुन्याची भिंत

आमच्या बीड जिल्ह्यात गावकुसाबाहेर, मारुतीच्या देवळापाशी, शेंदूर फासलेला एखादा दगड उभा असतो. येणारेजाणारे देव समजून हात जोडतात. तो देव नव्हे, वीरगळ. खालच्या चौकटीत लढाई, कधी सोडवलेली गुरे. मधल्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गी नेताहेत. वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेतो कीर्ती राहो.

कलाकृती म्हणून पाहू गेल्यास पाथरवटाचा हात सगळीकडे सारखा चाललेला नाही. वीराचा चेहरा ठरीव, अप्सराही साच्यातल्या. पण रचना पक्की: मरण तळाशी, आणि तिथून नजर वर चढत जाते. उणीव एकच, पण मोठी. बहुतेकांवर नाव कोरलेले नाही. दगड टिकला, माणूस हरवला.

हे सुचायला एक कारण घडले. आमच्या शाळेतली एक मुलगी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. ट्रॉली उलटली आणि ती परत आली नाही. वर्गातल्या पोरांनी, कुणाला न विचारता, शाळेच्या बाहेरच्या भिंतीवर गेरूने आणि कोळशाने चित्र काढले. तळाशी ट्रॉली, मध्ये दोन वेण्यांची ती, वर एका कोपऱ्यात सूर्य, दुसऱ्यात चंद्र. शेजारी तिचे नाव. वीरगळ त्यांना कुणी शिकवला नव्हता. पुढल्या दिवाळीपूर्वी भिंतीला चुना द्यायचे ठरले, आणि चुन्याची बादली मीच आणवली. वहीत नक्कल करून घ्यावी, एवढेही मला सुचले नाही.

इतरांना ते सुचले आहे. २०१७ साली मँचेस्टरला बॉम्बस्फोटात २२ माणसे गेली, तेव्हा चौकात फुलांचे ढीग साचले. शहराने फुलांचे खत केले, चिठ्ठ्या मात्र कलादालनात जपल्या. लंडनला थेम्सकाठच्या भिंतीवर २०२१ साली लोकांनी करोनात गेलेल्यांसाठी लाल बदाम रंगवले. ते फिके पडू लागले तसे स्वयंसेवक टिकाऊ रंगाने पुन्हा भरू लागले. मुंबईत लिओपोल्ड कॅफेने २६ नोव्हेंबर २००८ च्या गोळ्यांच्या खुणा बुजवल्या नाहीत.

यांत मला लंडनची रीत अधिक पटते, कारण तिथे हात लागत राहतो. वीरगळालाही हात लागत राहिला, म्हणून तो कुणी पायरीच्या दगडात बसवला नाही. पण त्याच शेंदराने कोरीवकाम बुजले, हेही खरे. म्हणून जपणूक हातांनीच व्हावी. फक्त आधी नाव टिपून ठेवावे.

वाचकहो, दिवाळीसाठी तुम्हीही भिंती उजळल्या असतील. पोरांनी काही रेखाटले असेल तर चुन्याआधी एकदा नीट पाहत जा. पावसाने आमची भिंत भिजली की चुन्याखालून गेरूची एक वेणी अजून दिसते. ती पोरे आता मोठी झाली आहेत. सुट्टीत त्यांना बोलावले आहे. गेरू मी देणार. चित्र त्यांनी काढायचे, आणि नावही त्यांनीच लिहायचे.